रिकामपूरचा पाटील

अकोला,
दि. ९ नोव्हेंबर १९६६

प्रिय सूर्यभान,

जयभीम. तुझं पत्र शुक्रवारी शाळेच्या पत्त्यावर मिळालं. इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे थंडीत आखडतात, माझी बायको वच्छला तिला रोज तेल चोळून देते. ललिताला दुसरा मुलगा झाला. बाळंतपणाला ती इथंच होती, गेल्या आठवड्यात बार्शीटाकळीला सासरी परत गेली. सहामाहीचे पेपर तपासायचे होते म्हणून उत्तराला पाच दिवस लागले, असं लिहिणार होतो. पण पेपर तर मागेच तपासून झालेत.

तू आता काठीशिवाय चालतोस, सायकलनं शेतावर जातोस, हे वाचून बरं वाटलं. पाय थोडा आखूड राहिला तरी चालता आहेस. एके काळी डॉक्टरांनी तेवढीही आशा दिली नव्हती. जमुनावहिनींना माझा नमस्कार सांग.

बाबा गेल्याचं तुला वस्तीतल्या नत्थुजीकडून कळलं. 'पुंजाजीसारखा इमानदार माणूस आता होणे नाही,' असं तू लिहिलंस. तुमच्याकडे हा शब्द वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदारासाठी वापरतात आणि बैलासाठी वापरतात. तुझ्या मनात वाईट नसेल. त्याच्या खालच्याच ओळीत ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचं आहे. वस्तीची मतं तुला हवीत, पण तुझ्या घराकडे बघून लोक गप्प बसतात. मी एक दिवस हिवरखेडला यावं, वस्तीत चार शब्द बोलावेत, आपल्या दोस्तीची गोष्ट सांगावी. मास्तरचं लोक ऐकतात म्हणे. आणि अगदी शेवटी, 'आपली वही अजून माझ्याजवळ आहे. ये, पुन्हा खेळू.'

ही शेवटची ओळ वाचली आणि पत्र घडी करून ठेवून दिलं. चार तास शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही.

सूर्यभान, ती भेट मी तुझ्यासाठी कशी निवडली ते तुला मी कधी सांगितलं नव्हतं. तुझं १९५९ च्या दिवाळीनंतरचं पत्र आठवतं का? कमरेच्या हाडाचा क्षय, छातीपासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर, वर्षभर उताणं पडून राहायचं. 'देवमन, आढ्याची लाकडं मोजून मोजून संपली. काहीतरी पाठव.' मी तेव्हा अमरावतीच्या बोर्डिंगात, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तुझी कॉलेजातली जागा रिकामी होती आणि मला दुसरा जवळचा मित्र नव्हता. अमरावतीत आपण एका ताटात जेवत होतो. हिवरखेडला एस.टी.तून उतरलो की तू दोन पावलं पुढे चालायचास, तेही मला तेव्हा चालायचं.

जवाहर गेटजवळच्या खेळण्यांच्या दुकानात मी तीन संध्याकाळी गेलो. दुकानदार दाखवत होता. कॅरम, पण त्याला बसावं लागतं. बुद्धिबळ, पण तुला त्याचा कंटाळा. पत्ते, पण दुसरा गडी कोण? सापशिडी घेऊन उताणा माणूस काय करणार? तिसऱ्या दिवशी दुकानदार वैतागला. "भाऊ, कोनासाठी घेऊन राहिले तुमी?"

"दोस्तासाठी. तो निजूनच असतो."

"मंग त्याले रेडिओ घेऊन द्या ना."

मला तेव्हा आठवलं, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तू कशी सोंगं घ्यायचास. तोंडाला काही न लावता, नुसत्या चालण्यानं तू म्हातारा व्हायचास, वकील व्हायचास, सासुरवाशीण व्हायचास. आता पाय गेले तर सोंग कसं घेणार? मग वाटलं, अंथरुणावरून लिहिता तर येतं! मी नुसते फासे मागितले, दोन तुला, दोन मला. "जुगार खेळता का?" म्हणून त्यानं माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि दिले. वर एक जाड पुठ्ठ्याची वही घेतली, आणि आठ दिवस अभ्यास सोडून खेळ तयार केला.

आपण दोघंही रिकामटेकडे, म्हणून गावाचं नाव रिकामपूर. वहीत गावाचा नकाशा काढला. नदी, विहिरी, पारावरचं मारुतीचं देऊळ, वेशीबाहेरची घरं. दोनपासून बारापर्यंत प्रत्येक आकड्याला एक माणूस. वैद्य, शिंपी, चोर, कोतवाल, मास्तर, सावकार, अकराला पाटील. साताला सालदार, कारण दोन फाशांत सातच सगळ्यांत जास्त वेळा पडतात आणि गावात सालदारही तितकेच असतात. ज्याला जो माणूस येईल त्यानं गुढीपाडव्यापर्यंत तोच व्हायचं. कार्डावर त्याच्याच तोंडून लिहायचं. दुसऱ्यानं फासे टाकायचे आणि पुढं काय घडलं ते लिहून पाठवायचं. पाऊस पडला की नाही, बैल मेला की वाचला, सगळं फाशांवर. पाडव्याला नवे फासे, नवा माणूस.

वही तुला पोचली ती पहिल्या दोन सोंगांसकट. मी लिहिलं होतं, 'तुला सालदार आला, मला पाटील. फाशांनी ठरवलं मित्रा, माझा इलाज नाही.'

तू किती हसला होतास त्या पत्रात! आणि काय सालदार झाला होतास तू! तीन महिन्यांत तुझी चव्वेचाळीस कार्डं आली. 'मालक, काळ्या बैलानं पाय टेकणं सोडलं.' 'मालक, पोरगी तापली हाय, आजचा दिस सुटी द्या.' भाषा अशी अस्सल की मला बोर्डिंगात बसून कडब्याचा वास यायचा. ती भाषा कुठून येत होती ते मला पुढे घरी गेल्यावर कळलं. बाबा तुमच्याकडे एकोणीस वर्षं सालदार. तू त्यांना खिडकीशी बोलवून विचारायचास, ढोरांना पहिलं पाणी किती वाजता, वखर कसा धरता, मालकावर राग आला तर काय करता. बाबा घरी येऊन आईला सांगायचे, "सूर्यभान भाऊ मले बसवून इचारतेत व. कोनी इतकं इचारलं नाई आजवर." त्यांना त्याचा अभिमान होता. तुझ्या त्या चव्वेचाळीस कार्डांत माझा बाप होता. मला तो ओळखू आला नाही.

आणि मी पाटील होतो. सुरुवातीला मला जमत नव्हतं. हळूहळू जमायला लागलं. मग आवडायला लागलं. तुझ्या सालदाराला मी दोनदा उपाशी ठेवलं, एकदा बायकोसकट शेतातून हाकललं. फाशांमध्ये चांगलं पडलं तरी कधी कधी मी वाईट लिहायचो. कार्ड लिहिलं की ते मोठ्यानं वाचून बघायचो. शेजारच्या खाटेवरचा मुलगा म्हणायचा, "काय राव, कोणाले झापून राहिला?"

माघातलं ते कार्ड मला अजून पाठ आहे. 'का रे, तीन दिवस झाले, कामावर नाहीस. माज आला का? उद्या उजाडता वाड्यावर हजर हो. जोडे फाटकाबाहेर काढ आणि मान खाली घालून उभा राहा. बापालाही संगं आण, तुम्हा दोघांनाही सरळ करतो. तुझा मालक.' पत्त्याच्या बाजूला, पाठवणार देवमन पुंजाजी तायडे, अमरावती.

रिकामपूरचं नाव त्या एका कार्डावर लिहायचं राहिलं. उघडं कार्ड. ते टपालवाल्यानं तुझ्या हातात न देता ओट्यावर बसलेल्या महादेवकाकांच्या हातात दिलं. धर्मांतराला तीन वर्षं झाली होती, वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं बंद केलं होतं, तुझ्या काकांना निमित्त हवंच होतं. आमच्या सालदाराचा पोरगा चार बुकं शिकून आमच्या भगवंतरावाच्या पोराला, अंथरुणाला खिळलेल्याला, जोडे काढ म्हणतो! ते कार्ड त्यांनी अंगणात उभं राहून दहा माणसांपुढे वाचलं आणि बाबांना गोठ्यातून बोलावून घेतलं.

पुढचं तुला माहीत आहे. पण माझ्याकडून एकदा ऐक. तुझ्या वडिलांचा जोडा बाबांच्या डोक्यावर ठेवला. ऐन दुपारी. काका विचारत होते, "पुंज्या, मालक कोन?" आणि बाबांनी म्हणायचं, "तुमी मालक." पुन्हा विचारायचं, पुन्हा म्हणायचं. तुझे वडील, भगवंतराव, ओट्यावर होते. त्यांनी मान दुसरीकडे फिरवली, एवढं मी त्यांच्या बाजूनं लिहितो. हे कापसाच्या गाड्या भरून निघेपर्यंत चाललं.

तुझी खाट त्याच अंगणाच्या खिडकीशी होती.

मी परीक्षा सोडून गावी आलो तेव्हा बाबा म्हणाले, "सूर्यभान भाऊ झोपले असतीन. नाईतर ते बोलले असते." आईही तेच म्हणाली. मीही तेच धरून चाललो. दोन महिने. मग एक दिवस ललिता, तेव्हा बारा वर्षांची, मला म्हणाली, "दादा, ते झोपले नव्हते. मी बाबाची भाकर घेऊन गेली व्हती, भिंतीपाशी उभी व्हती. खिडकीतून काठी भाईर आली आन् फळी वढून खिडकी लावून घेतली."

तुझी ती काठी. तांब्या ओढायला, माश्या हाकलायला तुझ्या उशाशी असायची ती.

वही तुझ्या उशाखाली होती ना रे? 'काका, हा खेळ आहे.' चार शब्द. उताण्या माणसाला बोलता येतं. तू एकदाही त्याबद्दल लिहिलं नाहीस. त्यानंतर तुझं पहिलं पत्र आलं ते पावणेसात वर्षांनी. त्यात निवडणूक आहे.

पाडव्याला साल संपण्याआधीच आम्ही गाव सोडलं. बाबा इथं जिनिंगमध्ये रुईच्या गठाणी ओढू लागले. बैलांशी बोलायची सवय असलेला माणूस, यंत्राच्या आवाजात काहीच बोलेनासा झाला. खोकला मागे लागला, तो शेवटपर्यंत राहिला. त्या कार्डाबद्दल त्यांनी मला कधी दोष दिला नाही. फक्त एकदा विचारलं. बासष्टच्या उन्हाळ्यात, सुटीचा दिवस होता, दाराशी बसले होते.

"देवमन, त्या कार्डाचं मले एकडाव नीट सांग. ते काय व्हतं?"

मी सांगितलं. गाव, नकाशा, फासे, सगळं. ते लहान मुलासारखं मन लावून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "चांगला हाय खेळ."

मग म्हणाले, "म्हंजे सूर्यभान भाऊ सालदार, आन् तू पाटील."

"हो."

"फाशानं ठरवलं?"

"हो, बाबा."

"बरं. पाटील झाला तू. गाव तुह्यं, वाडा तुहा. मंग जोडे काढाले काहून लावले रे? तुले दुसरं काईच सुचलं नाई?"

मी मास्तर आहे. वर्गात रोज पन्नास प्रश्नांची उत्तरं देतो.

आता जे लिहायला पाच दिवस लागले ते लिहितो. फाशांनी तसं ठरवलं नव्हतं, सूर्यभान. वही पाठवण्याआधी बोर्डिंगच्या खोलीत मी दोघांसाठी फासे टाकले. मला सात पडले. तुला अकरा. सालदार मी, पाटील तू. मी फाशांकडे बघत बसलो. तुझ्यासाठी तयार केलेल्या खेळातही मला तुझ्या घरचा सालदार व्हावं लागणार होतं. मी नावं बदलली. आणि वर लिहिलं, माझा इलाज नाही. बाबांनी विचारलं तेव्हाही खरं सांगितलं नाही. ते गेले तरी सांगितलं नाही. मी सालदार झालो असतो तर ते कार्ड लिहिलंच गेलं नसतं. तू पाटील म्हणून कसंही लिहिलं असतंस तरी बोर्डिंगात कुणी अंगणात उभं करून कुणाच्या डोक्यावर जोडा ठेवला नसता. एवढं माझं. ते मी कुणावर ढकलत नाही.

खिडकी तुझी.

तुझ्या निवडणुकीबद्दल. मी येईन. एका अटीवर. आधी तू त्याच अंगणात, महादेवकाका समोर असताना, वस्तीतली माणसं बोलावून सांग की ते कार्ड खेळातलं होतं, तुला ते ठाऊक होतं, आणि तू फळी ओढून घेतलीस. एवढं झालं की मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं येतो आणि तुझ्यासाठी घसा बसेपर्यंत बोलतो. माणूस चुकला आणि त्यानं कबूल केलं, याहून मोठी शिफारस माझ्याजवळ नाही.

उत्तराची वाट बघतो. खरंच बघतो.

तुझा,
देवमन


अकोला,
दि. २२ जानेवारी १९६७

सूर्यभान,

तुझं उत्तर आलं नाही, पण बातमी आली. नत्थुजी काल डोळे तपासायला अकोल्याला आला होता, रात्री आमच्याकडेच राहिला. तू पन्नास मतांनी निवडून आलास. अभिनंदन.

वस्तीतल्या सभेचंही त्यानं सांगितलं. तू आपल्या खेळाची गोष्ट सांगितलीस म्हणे. फार रंगवून सांगितलीस. 'मी भगवंतरावाचा पोरगा, आणि तीन महिने पुंजाजीच्या देवमनचा सालदार होतो! तो माझा पाटील! आता सांगा, मी जातपात मानतो का?' आणि माझं कार्डही म्हणून दाखवलंस, जोडे काढ, मान खाली घाल, सगळं, हातवारे करून. लोक पोट धरून हसले. टाळ्या पडल्या. बाबांचं नाव तू दोनदा घेतलंस, थोर माणूस म्हणून. अंगणाचं एकदाही घेतलं नाहीस. माझं पत्र तुला मिळालं होतं, हे मला त्यावरून कळलं.

एक गोष्ट मला माहीत नव्हती, ती नत्थुजीनं सांगितली. जेवताना तो बराच वेळ घुटमळत होता. शेवटी म्हणाला, "मास्तर, आमाले सात वर्सं वाटे का तुमी ते कार्ड खरंच लिवलं व्हतं."

"खरंच म्हणजे?"

"म्हंजे मालकाले लिवलं. आपल्यातल्या कोनीतरी लिवलं ना एकडाव, जोडे काढ म्हनून. पुंजाजीनं त्याच्यापायी डोक्यावर जोडा घेतला, पन लिवलं तर खरं. आमी पोराईले सांगत आलो ते." तो ताटाकडे बघत होता. "खेळ व्हता म्हनता."

मी हो म्हटलं. त्याचा चेहरा उतरला. त्यानं आणखी भाकरी घेतली नाही. वस्तीनं सात वर्षं माझ्या नावावर एक धाडस जपलं होतं, आणि बाबांच्या त्या दुपारीला काहीतरी अर्थ दिला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं. तू एका सभेत ते काढून घेतलंस आणि वर हशा मिळवलास. नत्थुजीनं मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही.

मला तुझा राग येतो असं लिहायला बसलो होतो. येतो. पण कार्ड मीच लिहिलं होतं, त्यामुळे रागाला धड उभंही राहता येत नाही. यापेक्षा तू काही न बोलता निवडून आला असतास तर मी तुला सोपेपणानं विसरलो असतो.

आईला वाचता येत नाही. आम्ही दोघं बोलत होतो तेव्हा ती चुलीशी होती. नत्थुजी झोपल्यावर तिनं विचारलं, "सूर्यभान निवडून आला का रे?"

"आला."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "आता त्याले आपली गरज नाई."

ती हे सहज म्हणाली. तिला खरोखरच सुटल्यासारखं वाटलं असावं. मला ते वाटायला अजून वेळ लागेल.

वहीचं तुला हवं ते कर. पत्रं आता कुणाकडूनच नकोत. खाली नेहमीसारखं 'तुझा' लिहून झालं होतं. ते खोडलं आहे, डाग दिसेल.

देवमन पुंजाजी तायडे